वर्षातल्या एका आठवड्यासाठी बांधलेले महाल : ब्लॅकपूलमधील चार दिवस

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. दसऱ्याला खात्यातल्या यंत्रांची पूजा असे, तेव्हा ते मला आत नेत. झेंडूच्या माळांआडून यंत्राच्या ओतीव बाजूवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ ही अक्षरे दिसत आणि ओल्डहॅम हे कोणा साहेबाचे नाव असावे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. गेल्या सप्टेंबरात मुलीकडे मँचेस्टरला मुक्काम होता, तेव्हा हे ओल्डहॅम तिच्या घरापासून ट्रामने अर्ध्या तासावर आहे, असे कळले. पण मला कुतूहल होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. ती यंत्रे घडवणारी आणि तिथल्या गिरण्यांत तशीच यंत्रे चालवणारी माणसे सुट्टी मिळाली की कुठे जात असत? इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यात हा प्रश्न कोणालाही विचारला की उत्तर एकच मिळते : समुद्रकाठचे ब्लॅकपूल. त्या उत्तराच्या मागे मी एका मंगळवारी निघालो.

पहिला दिवस, मंगळवार

मँचेस्टरहून सुटलेली गाडी बोल्टन आणि प्रेस्टन ही जुनी गिरणगावे मागे टाकून सपाट हिरव्या प्रदेशात शिरते, आणि डब्यातली मुले अचानक डाव्या खिडकीला चिकटली की समजावे, ब्लॅकपूलचा मनोरा दिसला. सर्वांत आधी ज्याला तो दिसेल तो जिंकला, हा खेळ इथे फार जुना आहे. रेल्वे इथे १८४६ साली आली. त्याआधी हे समुद्रस्नानासाठी येणाऱ्या मोजक्या सुखवस्तू कुटुंबांचे छोटे गाव होते. रेल्वेने गिरणीकामगार आणला आणि गावाचे नशीब पालटले.

हा कामगार कसा येत असे, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. लँकेशायरच्या प्रत्येक गिरणगावाचा ‘वेक्स वीक’ नावाचा सुट्टीचा आठवडा ठरलेला असे. मुळात ती गावच्या चर्चची जत्रा होती. पुढे त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवण्याची रीत पडली आणि त्या काळात बॉयलरची साफसफाई, दुरुस्ती होऊ लागली. सुट्टी बिनपगारी होती. म्हणून कामगार वर्षभर बचत मंडळात आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकत आणि ते सगळे एका आठवड्यात ब्लॅकपूलला उधळून परत जात. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्यामुळे आज ओल्डहॅम, पुढच्या शनिवारी बर्नली, असे अख्खे गावच्या गाव पाळीपाळीने इथे उतरे. गणपतीला आणि शिमग्याला कोकणाकडे रिकामे होणारे आमचे गिरणगाव मी पाहिले आहे, त्यामुळे ही कल्पना करणे मला अवघड गेले नाही. फरक एवढाच, की आमची माणसे आपापल्या गावी जात आणि ही माणसे सगळे शेजारीपाजारी बरोबर घेऊन एकाच परक्या गावी जात.

उतरण्याची व्यवस्थाही गिरणगावाला शोभेल अशीच होती. पाहुण्यांनी खाण्याचे जिन्नस स्वतः आणावेत, घरमालकिणीने ते शिजवून द्यावेत आणि पैसे खोलीचे घ्यावेत, अशी पद्धत बरीच वर्षे चालली. मी उतरलो त्या घरात न्याहारी मिळत होती, मात्र खोलीतला हीटर दोन रात्री बंद होता आणि त्याची तक्रार केल्यावर मला एक जास्तीचे पांघरूण मिळाले.

दुपारी नॉर्थ पिअरवर गेलो. पिअरला आपल्याकडे धक्का म्हणतात आणि धक्का म्हटला की मला भाऊचा धक्का आठवतो, मासळीच्या पाट्या आठवतात, कोकणात निघालेल्या बोटी आठवतात. हा धक्का तसल्या कोणत्याही कामाचा नाही. समुद्रावर पाय न भिजवता फिरता यावे, यासाठीच तो मुख्यतः बांधला. अशा धक्क्यांचा सर्वांत नामांकित अभियंता युजीनियस बर्च याने त्याचा आराखडा केला आणि बिडाच्या खांबांच्या टोकांना मळसूत्री पाती लावून ते खांब वाळूत स्क्रूसारखे फिरवून रोवले. २१ मे १८६३ रोजी तो खुला झाला. ही तारीख वाचून मी थोडा वेळ फलकापुढेच उभा राहिलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईनासा होऊन लँकेशायरमधल्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि हजारो कामगार अन्नछत्रांच्या रांगेत उभे होते, तो हाच काळ. मुंबईत त्याच वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि लोक बॅकबेच्या भरणीचे शेअर वेड्यासारखे विकत घेत होते. लँकेशायर उपाशी असताना उभा राहिलेला हा धक्का अर्थातच उपाशी माणसांसाठी नव्हता. दोन पेन्स प्रवेशमूल्य ठेवून नको ती गर्दी बाहेर राहील अशी तजवीज केली होती.

नको असलेली ती गर्दी १८६८ साली बांधलेल्या दुसऱ्या धक्क्यावर गेली. आज त्याला सेंट्रल पिअर म्हणतात. सुरुवातीला तो चालेना. मग रॉबर्ट बिकरस्टाफ या जीवरक्षक बोटीच्या नाखव्याकडे त्याचा कारभार आला आणि त्याने उघड्या आकाशाखाली वाद्यवृंद बसवून नाच सुरू केला. गिरणीतल्या मुलामुलींची अशी झुंबड उडाली की त्याला ‘लोकांचा धक्का’ हे नाव पडले. नॉर्थ पिअरवर शिष्टांचे फिरणे आणि गंभीर संगीत, सेंट्रल पिअरवर पोल्का नाच, आणि दोहोंमध्ये जेमतेम दहा-बारा मिनिटांची चाल. १८९३ साली तिसरा, दक्षिणेचा धक्का झाला. तो मी लांबूनच पाहिला.

दुसरा दिवस, बुधवार

आजचा सगळा दिवस मनोऱ्याला दिला आणि तोही अपुरा पडला.

जॉन बिकरस्टाफ हा ब्लॅकपूलचा महापौर १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनाला गेला आणि आयफेल मनोरा पाहून आला. दुसऱ्या कोणी आठवण म्हणून त्याची छोटी प्रतिकृती आणली असती; याच्या मनात तसाच मनोरा ब्लॅकपूलला असावा हे बसले. मनोऱ्याची मूळ योजना लंडनच्या एका कंपनीची होती आणि जागेचा भाव फुगवून स्थानिक भागधारकांच्या गळ्यात मारण्याचा तिचा बेत दिसत होता. बिकरस्टाफने स्वतःचे पैसे घालून ती योजना तारली आणि कंपनी गावच्या हातात ठेवली. सप्टेंबर १८९१ मध्ये कोनशिला बसली आणि १४ मे १८९४ रोजी ५१८ फूट ९ इंच उंचीचा मनोरा खुला झाला. त्याचे वास्तुरचनाकार मॅक्सवेल आणि टूक हे दोघेही त्याच्या आदल्या वर्षी वारले होते, त्यांना तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही.

आयफेलशी तुलना करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. पॅरिसचा मनोरा मोकळ्या चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या पायांमधून लोक आरपार जातात. ब्लॅकपूलचे चार पाय मात्र एका भल्यामोठ्या विटांच्या इमारतीत दडलेले आहेत, आणि खरी कमाई मनोऱ्याची नसून त्या इमारतीची होती. या किनाऱ्यावर पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. वर्षातून एक आठवडा सुट्टी मिळालेल्या माणसाच्या त्या आठवड्यात पाऊस लागला तर त्याने करायचे काय? बिकरस्टाफच्या इमारतीत सर्कस होती, मत्स्यालय होते, प्राणी होते, नाचघर होते. सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग देऊन आत शिरावे, आणखी सहा पेन्स देऊन वर जावे, आणखी सहा देऊन सर्कस पाहावी. आत शिरलेल्या माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत बाहेर पडण्याचे कारणच उरू नये, अशी ती रचना होती. हल्लीच्या मॉलवाल्यांना वाटते की ही युक्ती त्यांची आहे.

सर्कशीचे रिंगण मनोऱ्याच्या चार पायांच्या बरोबर मधोमध आहे. बसल्या जागेवरून वर पाहिले की सोनेरी नक्षीने मढवलेल्या कमानी दिसतात आणि त्या कमानींच्या आत पोलादी पाय आहेत, हे आठवून मान आपोआप खाली येते. ही मूरिश थाटाची सजावट फ्रँक मॅचम या नाट्यगृहांच्या वास्तुरचनाकाराने १९०० साली केली. खेळाच्या शेवटी रिंगणाची जमीन खाली जाते आणि तिथे सुमारे १ लाख ९० हजार लिटर पाणी मिनिटभरात भरते. ही करामत पहिल्या वर्षापासूनची आहे आणि माझ्या पुढच्या रांगेतला सात-आठ वर्षांचा मुलगा ती पाहून खुर्चीवर उभाच राहिला. चार्ली कैरोली हा विदूषक १९३९ पासून चाळीस वर्षे या एकाच रिंगणात उतरत होता. प्राण्यांचे खेळ १९९० च्या सुमारास बंद झाले आणि आता कसरतपटू व विदूषक यांवरच सारी मदार आहे.

दुपारी नाचघरात गेलो. पहिल्या वर्षीची इथली नाचाची जागा साधी होती. पण १८९६ साली जवळच्याच विंटर गार्डन्स या करमणुकीच्या संकुलात एम्प्रेस बॉलरूम उघडली आणि तिच्यापुढे ती जागा फिकी पडली. तेव्हा कंपनीने मॅचमकडून नवे नाचघर बांधून घेतले, ते १८९९ साली खुले झाले. महॉगनी, ओक आणि अक्रोड यांच्या ३०,६०२ ठोकळ्यांची जमीन, दोन मजली सज्जे, छतावर ढगांतल्या देवता आणि रंगमंचाच्या कमानीवर शेक्सपिअरची ओळ. ‘बोल म्हण, तुझ्या कानांना मोहिनी घालीन’ असा तिचा साधारण भाव आहे. एवढा डामडौल इंग्लंडमध्ये इतरत्र सरदारांच्या वाड्यांत पाहायला मिळतो, पण इथे तो साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावर, दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी होता. मात्र त्यांच्यावर विश्वास होताच असे नाही. पुरुषाने स्त्रीसोबतच नाचावे, गैरवर्तन करणाऱ्यास तत्काळ बाहेर काढले जाईल, असे नियम होते, आणि रविवारी नाच बंद ठेवून धार्मिक संगीत लावले जाई.

डिसेंबर १९५६ मध्ये आगीत जमीन आणि बरीच सजावट गेली, तेव्हा ते पाडून काही आधुनिक उभारण्याची संधी होती. कंपनीने तसे न करता जुन्या पद्धतीने सगळे पुन्हा घडवले आणि १९५८ साली दारे उघडली. माझ्या मते या गावाच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. पुढच्याच दोन दशकांत गावाने काय काय पाडले ते पाहता असेच म्हणावे लागते. मी गेलो तेव्हा रंगमंचाच्या जमिनीखालून वुर्लिट्झर ऑर्गन वर आला, वादक आमच्याकडे पाठ करून वाजवत होता आणि सत्तरी ओलांडलेली पंधरा-वीस जोडपी वॉल्ट्झ नाचत होती. रेजिनाल्ड डिक्सन १९३० पासून १९७० पर्यंत हे वाद्य वाजवत असे आणि रेडिओमुळे त्याचा आवाज सगळ्या देशात पोचला होता. चहाबरोबर सँडविच आणि स्कोन आले. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मला नाचायला बोलावले. मी नकार दिला आणि त्याची रुखरुख अजून आहे.

संध्याकाळी वर गेलो. पायाखाली काच आहे, तिच्यावर उभे राहण्याचे धाडस मी केले. या पोलादाचीही एक कथा आहे. वेळेवर रंग न दिल्यामुळे ते इतके गंजले की १९२१ ते १९२४ या काळात बराचसा सांगाडा बदलावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये माथ्यावर ज्वाळा दिसल्याने बंब धावत आले आणि पाहतात तो बांधकामाची नारिंगी जाळी वाऱ्यावर फडफडत होती.

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी मनोऱ्यासमोरच्या ‘कॉमेडी कार्पेट’वर फिरलो. २०११ साली केलेल्या या पटावर हजाराहून अधिक विनोदवीरांची नावे आणि वाक्ये ग्रॅनाइटच्या अक्षरांत बसवलेली आहेत. इंग्रजी विनोदातले निम्मे मला कळले नाही. त्याच्याजवळच ‘शोटाऊन’ हे संग्रहालय २०२४ च्या मार्चमध्ये उघडले आहे. सर्कस, जादू, नाच आणि दिव्यांची रोषणाई हेच त्याचे विषय आहेत. जिथे विदूषकाचे बूट काचेच्या पेटीत ठेवतात, तिथे मनोरंजन हा इतिहासाचा गंभीर भाग आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

विंटर गार्डन्स मनोऱ्यापेक्षा जुने, १८७८ चे. काचेच्या छताखाली ताडमाड आणि फुलझाडे लावून शिष्टांनी फिरावे, असा मूळ विचार होता. तो परवडेना. १८८७ साली विल्यम हॉलंड नावाचा व्यवस्थापक आला, त्याने किमती गालिचा घातला आणि भागधारक कुरकुरले की कामगार त्यावर थुंकतील, तेव्हा ‘या आणि बिल हॉलंडच्या शंभर गिनींच्या गालिच्यावर थुंका’ अशी जाहिरात केली, अशी कथा सांगतात. लोक गालिचा पाहायला लोटले. पहिले ऑपेरा हाऊस १८८९ चे आणि सध्याचे, सुमारे २,९०० आसनांचे, १९३९ चे. ‘एम्प्रेस’ हे नाव वाचून नागपूरची एम्प्रेस मिल आठवली. व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केल्याच्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी ती सुरू केली होती. इथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून नृत्यमहोत्सव भरतो आणि जगभरचे नर्तक त्याला पंढरीसारखे येतात.

विंटर गार्डन्सच्या कोपऱ्यावर १८९६ साली २२० फूट उंचीचे प्रचंड चक्र उभारले होते. मनोऱ्याला तोड म्हणून ते आले खरे, पण ते फार सावकाश फिरे. मनोऱ्याइतके उंचही नव्हते आणि त्याच्या तळाशी नाचही नव्हता. १९२८ मध्ये मनोरा कंपनीने विंटर गार्डन्सच ताब्यात घेतले आणि चक्र उतरवून त्या जागी १९३० साली ऑलिंपिया हा खेळांचा मंडप बांधला. मनोऱ्याच्या शेजारी १८९९ मध्ये उभ्या राहिलेल्या अल्हाम्ब्रा या रंजनगृहाची गत आणखी वाईट झाली. तेच मनोरंजन अधिक खर्चाने द्यायचे, हा त्याचा एकमेव विचार होता. तीन-चार वर्षांत त्याचे दिवाळे निघाले आणि तेही मनोरा कंपनीच्या घशात गेले. पुढे ‘पॅलेस’ या नावाने ते चालले आणि १९६१ मध्ये पाडून तिथे एक डिपार्टमेंट स्टोअर झाले. मॅचमचेच ग्रँड थिएटर, १८९४ चे, सत्तरच्या दशकात असेच जाणार होते. ते नागरिकांनी वाचवले आणि १९८१ मध्ये ते पुन्हा उघडले.

दुपारनंतर ‘गोल्डन माइल’वर चाललो. याचा जन्म एका बंदीतून झाला. वाळूवर हस्तसामुद्रिक, डोक्याचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणारे, भोंदू वैद्य आणि फसवे लिलाववाले यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १८९७ मध्ये नगरपालिकेने त्यांना हुसकले. त्यांनी रस्ता ओलांडला आणि समोरच्या घरांची अंगणे भाड्याने घेतली. अंगण खासगी, तिथे पालिकेचे चालेना! तीस-चाळीस वर्षांत त्या अंगणांत जे जे दाखवले गेले ते ऐकून हसावे की लाजावे, हे ठरत नाही. पदावरून काढलेला हॅरोल्ड डेव्हिडसन नावाचा धर्मगुरू आपल्या बचावासाठी पैसे उभे करायला इथे पिंपात बसत असे आणि लोक पैसे देऊन त्याला पाहत. १९३७ साली दुसऱ्या गावच्या खेळात सिंहाने त्याला मारले. शिल्पकार जेकब एपस्टाइनचा नग्न ‘अ‍ॅडम’सुद्धा इथे एक शिलिंग घेऊन दाखवला गेला. आज तिथे नाणी टाकायची यंत्रे आणि तळलेल्या माशांचा वास आहे.

रात्री ट्रामने रोषणाई पाहिली. १८७९ साली आठ विजेच्या आर्क दिव्यांनी किनारा उजळला, तेव्हा त्याला ‘कृत्रिम सूर्यप्रकाश’ म्हटले होते, आणि १८८५ मध्ये ब्रिटनमधली पहिली विजेची रस्त्यावरची ट्राम इथेच धावली. १९१२ मध्ये राजकन्या लुईझ हिच्या भेटीसाठी दिवे लावले. ते लोकांना इतके आवडले की सप्टेंबरात हंगाम संपू नये यासाठी त्यांचा दरवर्षीचा सोहळा झाला. सुमारे दहा किलोमीटरचे हे दिवे पाहताना मला लालबाग-परळच्या गणपतीच्या रात्री आठवल्या, तशीच मुले बापाच्या खांद्यावर होती.

चौथा दिवस, शुक्रवार

गावाच्या दक्षिण टोकाला वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्यांवर जिप्सींचे तंबू. विल्यम जॉर्ज बीन अमेरिकेत करमणुकीची उद्याने पाहून आला आणि जॉन आउटवेटबरोबर त्याने इथे ‘प्लेझर बीच’ हे उद्यान उभे केले. मोठ्या माणसाला पुन्हा लहान मूल झाल्यासारखे वाटावे, हा त्याचा उद्देश होता आणि इथे तो अजून साधतो. १९०४ साली बसवलेले ‘कॅप्टिव्ह फ्लाइंग मशीन’ हे मशीनगनचा जनक सर हायरम मॅक्सिम याचे काम. विमान बनवण्याच्या प्रयोगांना पैसा मिळावा, म्हणून त्याने ते गोल फिरणारे पाळणे काढले. एकशे वीस वर्षांनंतर मी त्यात बसलो. मशीनगनच्या जनकाच्या पाळण्यात लहान मुले किंचाळत हसत होती.

१९२३ चा लाकडी रोलरकोस्टर ‘बिग डिपर’ बाहेरूनच पाहिला. १९३५ चे ‘ग्रँड नॅशनल’ मात्र पाहण्यासारखे आहे. दोन गाड्या शर्यत लावतात, पण रूळ एकच सलग असल्यामुळे डावीकडून सुटलेली गाडी उजव्या फलाटाला येते, हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या. बीनचा जावई लेनर्ड थॉम्पसन याने तीसच्या दशकात वास्तुरचनाकार जोसेफ एम्बर्टनला बोलावले आणि साऱ्या उद्यानाला पांढऱ्या, गुळगुळीत, वळणदार इमारतींचे रूप दिले. त्यातली कसिनो ही इमारत १९३९ ची. नाव कसिनोचे असले तरी तिच्यात उपाहारगृहे होती. मॅचमच्या सोनेरी नक्षीतून दोन दिवस फिरून आल्यावर ही बिनानक्षीची भिंत थंड पाण्यासारखी वाटली. १९९४ च्या ‘बिग वन’कडे मी मान वर करून पाहिले. तो उघडला तेव्हा जगातला सर्वांत उंच रोलरकोस्टर होता. स्पेनची स्वस्त विमाने आणि बंद पडलेल्या गिरण्या यांनी रिकाम्या होत गेलेल्या गावाने तीस वर्षांपूर्वी एवढे मोठे धाडस केले, याचे कौतुक वाटले.

दुपारच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सेंट्रल स्टेशनची जागा शोधत गेलो. मनोऱ्याजवळचे हे स्टेशन १९६४ मध्ये बंद झाले. रेल्वे मंडळाच्या अहवालात वाचवायचे ठरले होते सेंट्रल, बंद करायचे होते गावातले दुसरे स्टेशन, नॉर्थ. मात्र किनाऱ्यावरची मोलाची जागा बांधकामाला मिळेल, म्हणून नगरपालिकेनेच उलटे मागितले. ज्या रुळांवरून गिरणगावे येत होती, तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या.

शेवटी वाळूवर उतरलो. मंगळवारपासून रोज दिसणारी, गळ्यात नावांच्या पट्ट्या घातलेली गाढवे आज नव्हती. खुर्च्या आवरणाऱ्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला, शुक्रवार ना, त्यांची सुट्टी. नियमच आहे, १९४२ सालचा. कामगारांच्या पगारी सुट्टीचा कायदा झाला होता १९३८ मध्ये.